स्टुडंट म्युझिक व्हिडिओसाठी गाणं कसं निवडायचं

म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट मिळाला की ग्रुपवर लगेच लिंकांचा पाऊस सुरू होतो, प्रत्येकाचं आवडतं गाणं, आणि मग दोन दिवस नुसतं "हे घेऊ" "नको ते घेऊ" चालतं. ह्या सगळ्यात हे गाणं आपल्याला शूट करता येणारे का, हे कुणी विचारतच नाही. आवडणं वेगळं आणि शूट करता येणं वेगळं. कॅमेरा साधा असला तरी निभावतं, एडिटिंग थोडं कच्चं राहिलं तरी निभावतं, पण गाणं चुकलं की पुढे कितीही राबा ते शेवटपर्यंत नडतं. म्हणून गाणं निवडायला चार-पाच दिवस गेले तर जाऊ द्या, ते दिवस शूटिंगमध्ये वसूल होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्राला वाव देणारं गाणं घ्या. काही गाणी ऐकायला इतकी पूर्ण असतात की त्यावर काहीही दाखवलं तरी ते उगाच चिकटवल्यासारखं वाटतं. आणि काही गाणी, जी कदाचित तुमच्या टॉप टेनमध्ये पण नसतील, ती ऐकताना मध्येमध्ये असे क्षण येतात की इथे काहीतरी घडायला हवं असं आपोआप वाटतं. आपल्याला ही दुसरी गाणी शोधायचीयत.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

गाणी ऐकायच्या आधी एक कागद घ्या आणि खरं खरं लिहा. कोण कोण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला तयार आहे (तयार म्हणजे खरंच तयार, "बघू" म्हणणारे धरू नका), कुठल्या जागा परवानगीसकट मिळतील, शूटिंगला किती दिवस आहेत, लाइट आहेत की फक्त सूर्यप्रकाशावर काम चालवायचंय. हा कागद आधी झाला की निम्मी गाणी आपोआप गळतात. रात्रीच्या मूडचं गाणं घेतलंत आणि लाइट नाहीत तर सगळं फुटेज दाणेदार येणार. गर्दीचं, पार्टीचं गाणं घेतलंत आणि हाताशी सहा माणसं आहेत तर ती सहाच माणसं दिसणार, कितीही टाइट फ्रेम लावा.

मग लांबीचा हिशोब. साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे २१० सेकंद. फास्ट गाण्यात सरासरी दोन सेकंदांचा एक शॉट धरला तरी १०५ शॉट लागतात, आणि तेही एडिटमध्ये वापरलेले, म्हणजे काढायला त्याहून बरेच जास्त लागणार. तेच गाणं संथ असेल आणि शॉट सरासरी पाच सेकंद टिकत असेल तर ४२ शॉटमध्ये काम होतं. पण लगेच संथ गाण्यावर उडी मारू नका, कारण पाच सेकंद एका चेहऱ्यावर थांबायचं तर त्या चेहऱ्यावर काहीतरी चालू असायला हवं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. फास्ट गाणं शॉट जास्त मागतं, स्लो गाणं अभिनय जास्त मागतं, आपल्याकडे काय जास्त आहे ते बघून ठरवा. ग्रुपमध्ये नाटक करणारी एखादी मुलगी असेल आणि शूटिंगला दोनच दिवस असतील तर मी डोळे झाकून संथ गाणं घेईन.

सरांनी किंवा मॅडमनी लांबीची मर्यादा दिलीय का हे पण आधीच विचारून घ्या. गाणं कापता येतं, एक अंतरा काढून टाकता येतो, फक्त कापताना समेवरून समेवर कापायचं, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर तोडायचं आणि दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्या मात्रेवर जोडायचं, मग ऐकणाऱ्याला कळतही नाही. पण ज्या गाण्यात वाद्यांचा आवाज एकातून दुसऱ्यात वाहत जातो, लांब घुमणारे सूर आहेत, त्यात हा जोड लपत नाही, सूर मध्येच तुटल्याचं ऐकू येतं.

गाण्याचा नकाशा काढा

हा भाग कंटाळा करून सोडू नका प्लीज, सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो.

हेडफोन लावा, व्हिडिओ न बघता नुसतं गाणं ऐका, आणि कागदावर टाइम लिहीत जा. आधी लय मोजा. घड्याळ लावून १५ सेकंदांत किती ठेके पडतात ते मोजायचं आणि चारने गुणायचं, झाला तुमचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठेके ते. समजा २४ ठेके आले, म्हणजे ९६ बीपीएम. म्हणजे एक ठेका ०.६२५ सेकंदाचा, चार ठेक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा, आणि आठ बार म्हणजे बरोब्बर २० सेकंद. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करत असाल तर एका ठेक्याला नेमक्या १५ फ्रेम मिळतात, म्हणजे ठेक्यावर कट करताना पूर्ण फ्रेम सापडते, अर्धवट राहत नाही. (२५ फ्रेमवर हेच १५.६२५ होतं, त्याने काही बिघडत नाही, कट एखाद्या फ्रेमने पुढेमागे होतो इतकंच.)

आता ह्याच ९६ बीपीएमच्या गाण्याचा नकाशा समजा असा आला: सुरुवातीचं म्युझिक ०:०० ते ०:२०, पहिला अंतरा १:०० पर्यंत, धृवपद १:२० पर्यंत, दुसरा अंतरा २:०० पर्यंत, परत धृवपद २:२० पर्यंत, मग नुसतं म्युझिक थेट ३:०० पर्यंत, आणि शेवटी धृवपद दोनदा, ३:४० ला संपलं. हे कागदावर दिसलं की लगेच दोन गोष्टी कळतात. सुरुवातीला २० सेकंद कुणीच गात नाहीये, म्हणजे जागा आणि माणसं दाखवायला आयता वेळ मिळाला. आणि २:२० ते ३:०० ही ४० सेकंदं कोरी आहेत. ह्या ४० सेकंदांत तुमच्या गोष्टीतली मुख्य घटना बसू शकते, किंवा तुमच्याकडे तिथे दाखवायला काहीच नसेल तर व्हिडिओ तिथेच पडतो, आधीचं सगळं चांगलं असलं तरी बघणारा तिथे मोबाइल उचलतो. मग प्रश्न सोपा होतो, की ह्या ४० सेकंदांसाठी आपल्याकडे काही आहे का? असेल तर गाणं ठेवा. नसेल तर पुढचं गाणं.

नकाशा काढताना अजून एक करा, जिथे जिथे काहीतरी बदलतं तिथे खूण करा. तबला किंवा ड्रम अचानक थांबतो, एक नवीन वाद्य येतं, आवाज खाली येतो आणि नुसती गिटार राहते, गायक श्वास घेतो तो ऐकू येतो, कोरस घुसतो. ह्या खुणा म्हणजे तुमचे कट आणि तुमच्या जागा बदलायचे क्षण. पूर्ण गाण्यात अशा सात-आठ ठळक खुणा आल्या तर ते गाणं व्हिडिओला चांगलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात एकाच जोरात चालणारं गाणं नाचायला मस्त असेल पण एडिट करताना हात बांधले जातात, कारण गाणं कुठेच सांगत नाही की आता काहीतरी नवीन दाखव. शेवटचं धृवपद पहिल्या धृवपदापेक्षा वेगळं वाजतं का तेही ऐका. वाद्यं वाढली असतील, गायक वरच्या पट्टीत गेला असेल तर तुमच्या गोष्टीला चढण मिळते. तीनही वेळा अगदी कॉपी-पेस्ट असेल तर तिसऱ्या वेळी काय वेगळं दाखवणार ते आत्ताच ठरवून ठेवा.

ठेक्याचा प्रकार पण बघा. आठ मात्रांच्या केरव्यासारखी चाल असेल तर चालणं, धावणं, गाडीतून जाणं असल्या सरळ हालचाली आपोआप बसतात. सहा मात्रांच्या दादऱ्याची चाल झुलती असते, तीन-तीनचा हेलकावा, तिथे तशाच सरळ चालण्याचे शॉट लावले की पावलं ठेक्यावर पडत नाहीत आणि डोळ्यांना काहीतरी खटकत राहतं. गोल फिरणं, झोका, वळून बघणं, कॅमेराच हळू फिरवणं, असलं काही असेल तर दादऱ्याच्या चालीत ते फार सुंदर दिसतं.

शब्दांचं काय

गाण्याच्या सगळ्या ओळी एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर तिथे काय दाखवणार ते लिहा. म्हणजे "पाऊस" शब्द आला की पाऊस, "दार" आलं की दार, "एकटी" म्हटलं की खिडकीत बसलेली मुलगी, असं सगळं ओळीओळीला जुळून आलं तर थांबा. ते गाणं तुम्हाला गोष्टच सांगू देत नाहीये, सगळं त्यानेच सांगून टाकलंय आणि तुमचा व्हिडिओ नुसता त्याच्या मागे मागे फिरणार.

शब्द आणि चित्र ह्यांचं नातं ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं. शब्द सांगतात तेच दाखवायचं, किंवा शब्द सांगतात त्यात भर घालायची, किंवा शब्दांच्या उलटंच काहीतरी दाखवायचं. पहिलं अधूनमधून ठीक आहे, पण स्टुडंट व्हिडिओला मार्क आणि मजा दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्यात असतात. उदाहरणार्थ, गाण्यात कुणीतरी कुणालातरी "परत ये" म्हणतंय. सगळे प्रेयसी-प्रियकर दाखवतील. तुम्ही त्यावर एक म्हातारे गृहस्थ त्यांची जुनी सायकल दुरुस्त करताना दाखवलेत, साखळी बसवतायत, हात काळे झालेत, पेडल फिरवून बघतायत, तर त्याच शब्दांचा अर्थ बदलतो आणि बघणारा ओळ नव्याने ऐकतो. अशी दुसरी गोष्ट ज्या गाण्याच्या शब्दांत मावते ते गाणं चांगलं. म्हणून ज्या गाण्यात नावं, गावं, प्रसंग फार नेमके आहेत ती टाळा, आणि ज्यात भावना नेमकी आहे पण प्रसंग मोकळा आहे ती घ्या.

गाणं ऐकल्यावर डोळ्यासमोर जे पहिलं चित्र येतं ते लिहून बाजूला ठेवा. ते बहुतेक वेळा सगळ्यांनाच येतं. तिसरं-चौथं चित्र काय येतं ते बघा, आणि येतच नसेल तर गाणं तिथेच सोडा.

ज्या गाण्याचा ओरिजिनल व्हिडिओ किंवा चित्रपटातला सीन सगळ्यांना पाठ आहे ते गाणं शक्यतो घेऊच नका. तुम्ही काहीही शूट केलंत तरी बघणाऱ्याच्या डोक्यात ओरिजिनलच चालू राहतं आणि तुमची तुलना मोठ्या बजेटशी होते. तुम्हाला स्वतःलाही त्या फ्रेम नकळत सुचत राहतात. कमी ऐकलेलं गाणं घ्या, आणि त्याचा आधीचा व्हिडिओ असलाच तर तुमची आयडिया कागदावर पक्की होईपर्यंत ग्रुपमध्ये कुणीच तो बघायचा नाही असं ठरवून टाका.

ओठ हलवायचेत का?

कुणी गाताना दाखवायचंय की नुसती गोष्ट दाखवायचीय हे गाणं निवडतानाच ठरवावं लागतं, नंतर नाही. गाताना दाखवायचं असेल तर आवाज आणि चेहरा जुळायला हवा. भारदस्त खर्जातल्या आवाजाला सतरा वर्षांचा कोवळा चेहरा लावला की पहिल्या ओळीतच विश्वास उडतो.

मग टेस्ट घ्या. ज्याच्यावर शूट करणार त्याला गाण्याचा एक अंतरा पाठ करायला सांगा आणि मोबाइलवर क्लोजअप काढा, चेहरा फ्रेमभर. बघताना प, फ, ब, भ, म ह्या अक्षरांकडे लक्ष द्या, कारण ही ओठांवरची अक्षरं आहेत, आणि प, ब, भ, म ला तर ओठ पूर्ण मिटतात. बाकी अक्षरं थोडी पुढेमागे झाली तरी चालून जातं पण "मन" म्हणताना ओठ उघडेच दिसले तर कुणालाही कळतं. ज्या ओळीत ही अक्षरं खच्चून भरलीयत आणि लय पण फास्ट आहे ती ओळ क्लोजअपमध्ये नवख्या माणसाला जमणार नाही. रॅपचं तर सोडाच, ते स्वतः लिहिणारा किंवा महिनोन्महिने ते तोंडात घोळवणारा असेल तरच. आणि लांब आलाप असेल तर तिथे वेगळी अडचण, पाच-सहा सेकंद तोंड "आ" करून ठेवायचं पण गळ्याच्या शिरा ढिल्या, तर खोटं दिसतं. म्हणून शूटिंगच्या वेळी नुसते ओठ हलवायचे नाहीत, खरंच मोठ्याने गायचं, बेसूर झालं तरी चालेल, तो आवाज आपण वापरणारच नाहीये.

डोळे-कान ह्या बाबतीत किती तिखट असतात ते लक्षात घ्या. आवाज ओठांच्या आधी साधारण ४५ मिलिसेकंद आला तरी माणसाला खटकायला लागतं, आवाज मागून आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका बाजूला तुमच्याकडे जेमतेम एका फ्रेमची सूट आहे. त्यात लांबचे वाइड शॉट हवे असतील तर ध्वनीचा वेग पण मध्ये येतो, सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गाणारा ३४ मीटर लांब असेल तर त्याला गाणं ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतं, अडीच फ्रेमचा फरक. स्पीकर त्याच्याजवळ फ्रेमबाहेर ठेवा, किंवा एडिटमध्ये ओठ बघून सरकवा.

स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल (केस हळू उडतायत पण ओठ गाण्याशी जुळतायत) तर त्याची ट्रिक अशी की गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्या वेगात गाणाऱ्याने गायचं, कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा आणि नंतर २५ वर चालवायचं. ऐकायला सोपं आहे, पण मूळ गाणंच फास्ट असेल तर दुप्पट वेगात ते कुणाच्या बापाला गाता येत नाही. हा इफेक्ट डोक्यात असेल तर शब्द विरळ असलेलं संथ गाणंच लागतं.

वाद्यं दाखवणार असाल तर गाण्यात काय काय वाजतंय ते नीट ऐका. व्हायोलिनचा मोठा सोलो आहे आणि ग्रुपमध्ये व्हायोलिन धरता येणारं कुणी नाही, तर तो सोलो वाजताना कॅमेरा दुसरीकडे फिरवावा लागेल, चाळीस सेकंद फिरवता येणारे का? ड्रमचं तर असं आहे की काठी पडते त्या फ्रेमला आवाज आला नाही तर वाद्यं न वाजवणाऱ्यालाही कळतं. आणि ओठच हलवायचे नाहीत, वाद्यं पण नाहीत, फक्त गोष्ट, असं ठरलं तर ह्यातल्या निम्म्या अटी गळून पडतात, नवख्या ग्रुपला मी तेच सुचवेन.

परवानगी, आणि ही टाळू नका

एका गाण्यात किमान दोन हक्क असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल, तो गीतकार-संगीतकार किंवा त्यांच्या पब्लिशरकडे. दुसरा म्हणजे ते रेकॉर्डिंग, तो बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे. व्हिडिओवर गाणं लावायला दोन्हीकडून होकार लागतो. म्हणूनच "आम्ही स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं, आता ते आमचं" हे अर्धंच खरं आहे, रेकॉर्डिंग तुमचं झालं पण चाल आणि शब्द नाही. उलट बाजूने, पारंपरिक गाणं कुणाच्या मालकीचं नसलं तरी त्याचं कुठलंही रेकॉर्डिंग उचलता येत नाही, ते रेकॉर्डिंग कुणाचं तरी आहे. पारंपरिक गाणं आपल्याच कुणी गायलं तर दोन्ही प्रश्न सुटतात, आणि हा पर्याय खूप कमी जण वापरतात.

"दहा सेकंद वापरलं तर चालतं", "तीस सेकंद फ्री असतात" असला कुठलाही नियम नाही. "क्रेडिट दिलं की झालं" हेही नाही. वर्गात दाखवण्यापुरती बऱ्याच देशांच्या कायद्यात शिक्षणासाठी सूट असते, पण वर्गात दाखवणं आणि ऑनलाइन टाकणं ह्यात फरक आहे, आणि फेस्टिव्हलला पाठवायचं झालं तर ते गाण्याची लेखी परवानगी मागतात. व्हिडिओ कुठे कुठे जाणार ते आधी ठरवा, मग गाणं.

सगळ्यात उत्तम, ओळखीत कुणी गाणी करत असेल तर त्याचं गाणं. कॉलेजातला बँड, मैत्रिणीचा भाऊ जो घरी गाणी रेकॉर्ड करतो. त्यांनाही व्हिडिओ हवाच असतो, तुम्हाला चांगली फाइल मिळते, मागितलं तर आवाज आणि वाद्यं वेगवेगळी पण मिळतात, आणि "हे म्युझिक आठ बार कमी कराल का" हे फोन करून विचारता येतं! छोट्या, स्वतंत्रपणे गाणी काढणाऱ्या कलाकारांना मेल टाकून बघा, मोठ्या कंपनीपेक्षा त्यांच्याकडून उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त. मेलमध्ये सगळं स्पष्ट लिहा: कुठलं गाणं, कशासाठी, कुठे दाखवणार (वर्ग, फेस्टिव्हल, यूट्यूब), किती काळ, पैसे कमवणार नाही, क्रेडिट कसं देणार, गाणं कापणार असाल तर तेही. आणि शब्द, चाल, रेकॉर्डिंग तिन्ही तुमच्याच मालकीचं आहे का हे त्यांना विचारा. होकार लेखी ठेवा, फोनवरचा "हो रे वापर" नंतर दाखवता येत नाही.

नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्सची गाणी, म्हणजे कलाकारांनी काही अटींवर सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवलेली. फ्री म्युझिक आर्काइव्ह, जमेंडो, सीसीमिक्स्टर अशा ठिकाणी ती मिळतात, पण लायसन्स वाचा. बाय म्हणजे नाव द्यायचं. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही. एसए म्हणजे तुमचा व्हिडिओ पण त्याच लायसन्सखाली द्यावा लागेल. आणि एनडी लिहिलेलं असेल तर ते गाणं सोडून द्या, कारण एनडी म्हणजे बदल करून शेअर करायचं नाही, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नियमांत गाणं हलत्या चित्राशी जुळवून लावणं हाच बदल धरला जातो, तुम्ही गाण्याचा एक सेकंद पण कापला नसला तरी. ही गोष्ट खूप ग्रुपना माहीतच नसते. क्रेडिट देताना गाण्याचं नाव, कलाकार, कुठून घेतलं, लायसन्स कुठलं, आणि कापलं असेल तर तसं, एवढं सगळं एंड टायटलमध्ये आणि डिस्क्रिप्शनमध्ये लिहा.

यूट्यूबचं काँटेंट आयडी २००७ पासून चालू आहे, ते गाणं आपोआप ओळखतं. क्लेम आणि स्ट्राइक ह्यात गोंधळू नका. क्लेम आला तर गाण्याचा मालक ठरवतो की व्हिडिओ ब्लॉक करायचा, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे घ्यायचे की नुसतं लक्ष ठेवायचं. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची चॅनलला मिळालेली ताकीद, त्याहून गंभीर, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनलच जाऊ शकतं. शूटिंगच्या आधीच एक काम करा, काळ्या पडद्यावर पूर्ण गाणं लावून प्रायव्हेट अपलोड करा आणि चेक होऊ द्या. काय येतं ते तिथेच कळतं. अर्थात काहीच आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

ग्रुपमध्ये ठरवायचं कसं

प्रत्येकाने दोनच गाणी आणायची, आणि प्रत्येक गाण्याबरोबर एक वाक्य: ह्या व्हिडिओत कोण काय करतंय. "एक मुलगी शेवटच्या बसमध्ये चढते आणि बस थांबतच नाही", असं. "प्रेमाबद्दल आहे", "व्हाइब भारी आहे" हे वाक्य धरायचं नाही. वाक्य नसलेलं गाणं त्या दिवशी लिस्टमध्ये येत नाही, कितीही हिट असो. नियम थोडा कडक वाटेल पण भांडणं निम्मी होतात, कारण मग चर्चा कुणाची आवड चांगली ह्यावर न होता कुठली गोष्ट करता येईल ह्यावर होते.

उरलेल्या दोन-तीन गाण्यांवर फोटोंची टेस्ट करा. मोबाइलवर वीस-पंचवीस फोटो काढा, ग्रुपमधलेच लोक, साध्याच जागा, आणि ते तुमच्या नकाशाप्रमाणे गाण्यावर लावा. एका संध्याकाळचं काम आहे. पूर्ण गाणं नको असेल तर धृवपद आणि ती कोरी ४० सेकंदं तरी करा. मग ग्रुपबाहेरच्या कुणालातरी दाखवा, काही समजावू नका, आणि काय चाललंय असं वाटलं ते विचारा. फोटोंवर जी गोष्ट थोडीफार कळते ती व्हिडिओत नक्की कळते.

ज्याच्याकडे एडिटिंग आहे त्याचं मत थोडं जास्त धरा, कारण ते गाणं तो पुढचे काही आठवडे तुकड्या-तुकड्यात शेकडो वेळा ऐकणार आहे. त्याला एक तास ते गाणं लूपवर लावून दुसरं काहीतरी काम करायला सांगा. तासाभराने चीड आली तर एडिट रखडणार.

गाणं लॉक करायची तारीख ठरवा आणि त्या तारखेनंतर बदल नाही. लॉक झाल्यावर एकच फाइल सगळ्यांनी वापरायची, शक्यतो वेव्ह (.wav, न दाबलेल्या आवाजाची फाइल), कलाकाराकडून किंवा अधिकृत ठिकाणाहून घेतलेली. एकाच गाण्याची अल्बममधली, रेडिओची, रीमास्टर केलेली अशी वेगवेगळ्या लांबीची व्हर्जन फिरत असतात, शूटिंगला एक वाजवलं आणि एडिटला दुसरं घेतलं तर ओठ कुठेच जुळत नाहीत. शूटिंगला ब्लूटूथ स्पीकर असला तरी कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू ठेवा, प्रत्येक टेकमध्ये वाजणारं गाणं त्यात रेकॉर्ड झालं की नंतर जुळवायला तेच कामी येतं.

आणि दुसऱ्या नंबरचं गाणं फेकून देऊ नका. परवानगीचं उत्तर शूटिंगच्या आठवडाभर आधीपर्यंत आलं नाही तर दुसऱ्यावर जायचं, हे आत्ताच ग्रुपमध्ये लिहून ठेवा, आणि दुसरं गाणं असं निवडा की त्याची परवानगी आधीच हातात आहे आणि त्याची लय पहिल्याच्या जवळपास आहे, म्हणजे शॉटची लिस्ट आणि जागा फार न बदलता वापरता येतात.